न चुकलेला डबा

मी एक जुना डबा आहे. जुना म्हणजे फार म्हातारा नव्हे. माझ्या जातीचे डबे मुळात म्हातारे होतच नाहीत. कारखान्यातून निघायचे, एकदाच कामाला जायचे आणि तिथेच संपायचे, अशी आमची रीत. मी उरलो, म्हणून जुना. आकाराने मी तुमच्या खाऊच्या डब्याएवढा आहे, रंगाने राखाडी, आणि एका कोपऱ्यात मला चांगलाच पोचा आलेला आहे. सध्या माझा मुक्काम एका तांत्रिक शाळेतल्या काचेच्या कपाटात, मधल्या फळीवर असतो. वर्षातून एकदा तुमच्यासारखी मुले रांगेने येतात आणि काचेला नाक लावून बघतात. सर दटावतात, "लांबून बघा रे, हात लावू नका." मग माझ्याकडे बोट दाखवून ते सांगतात की हा डबा कधीच चुकला नाही. मुले टाळ्या वाजवतात. मित्रांनो, त्या टाळ्या ऐकल्या की मला मेल्याहून मेल्यासारखे होते. असे का, ते आज सांगून टाकतो.

माझे खरे नाव जडत्वमापक. नाव भारदस्त आहे, पण त्या नावाने मला कोणी हाक मारली नाही. कारखान्यात मला 'आंधळा' म्हणत. विमानातून टाकायच्या बॉम्बच्या शेपटीत मला बसवतात. बॉम्ब म्हणजे नुसता लोखंडी धोंडा, पोटात स्फोटक भरलेला. त्याला अक्कल नसते. सोडले की खाली पडायचे, एवढेच त्याला येते. कुठे पडायचे ते शेपटीतले आम्ही ठरवतो. ठरवतो कसले! आम्हाला एक जागा सांगितलेली असते, तिथवर आम्ही त्याला नेऊन सोडतो.

आंधळ्याने वाट कशी दाखवायची, असे तुम्ही विचाराल. तुम्ही कधी गाडीत डोळे मिटून बसला आहात का? गाडीने वेग घेतला की पाठ मागे दाबली जाते. वळली की अंग एका बाजूला कलते. ब्रेक लागला की कपाळ पुढे जाते. हे सगळे लक्षात ठेवले, तर डोळे न उघडता तुम्ही सांगू शकाल की गाडी आता कुठपर्यंत आली असेल. मी तेच करतो. प्रत्येक धक्का, प्रत्येक वळण मोजतो आणि त्यांची बेरीज करत जातो. मला डोळे नाहीत, पण कान आहेत म्हणायला हरकत नाही. आवाज म्हणजे शेवटी थरथर, आणि थरथर ओळखण्यातच माझे आयुष्य गेले.

माझ्या शेजारी एक भाऊबंद बसतो. त्याला आम्ही कानवाला म्हणतो. आकाशातले उपग्रह सारखी वेळ सांगत असतात. ती ऐकून कानवाला आपण नेमके कुठे आहोत ते काढतो. त्याला स्वतःचा फार गर्व. पण जवळपास कोणी त्याच सुरात कलकलाट केला की त्याला काही म्हणजे काही ऐकू येत नाही, आणि मग स्वारी हळूच माझ्याकडे सरकते, "तेवढं सांभाळून घे रे." मी सांभाळून घेतो. मात्र एकट्याने फार वेळ चाललो की माझ्या बेरजेत बारीक चूक साठत जाते, तेव्हा कानवाला मला भानावर आणतो. एकमेकांना टोमणे मारत का होईना, दोघे मिळून आम्ही पक्के होतो.

माझे सुटे भाग जोडले गेले एका स्वच्छ खोलीत. तिथली माणसे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत गुंडाळलेली असत. पण मला शहाणे केले ते तपासणीच्या खोलीत. तिथे काम करणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. वयाने मोठे असलेले साहेबसुद्धा ताईच म्हणत. त्या खोलीच्या मधोमध एक फिरते टेबल होते. त्याचा खांब इमारतीला कुठेही न चिकटता थेट जमिनीत खोल गेलेला होता, म्हणजे शेजारी कोणी खुर्ची ओढली तरी टेबलाला त्याचा पत्ता लागू नये. मोजणी चालू झाली की चालायचे नाही, दार उघडायचे नाही, खोकायचे नाही. टेबल चालवणारा माणूस अंगाने आडवा आणि डोक्याने सफाचट, म्हणून त्याचे नाव टकलू. मोजणी सुरू झाली की त्याला हटकून शिंक यायची. ताई डोळे वटारायच्या आणि तो नाक चिमटीत धरून श्वास कोंडून उभा राहायचा. मग मोजणी संपली की बाहेर जाऊन अशी शिंक द्यायचा की ती मला खांबातून कळायची.

मित्रांनो, आमच्यात निर्दोष कोणी नसतो. प्रत्येक डब्याला काही ना काही खोड असते. माझी खोड अशी की मला अगदी स्थिर ठेवले तरी मी किंचित डावीकडे वळतो आहे असे मला वाटत राहते. थंडीत जास्त वाटते, उकाड्यात कमी. ताई ती खोड हुडकून काढत. कधी मला थंडीच्या पेटीत ठेवत, कधी गरम पेटीत, कधी टेबलावर उलटा, कधी आडवा. पृथ्वी स्वतःभोवती फिरते ते तुम्हाला जाणवत नाही, मला जाणवते. मला जेवढे फिरणे जाणवते त्यातून पृथ्वीचे फिरणे वजा केले की उरते ती माझी खोड. ताईंनी ती माझ्या स्मृतीत नोंदवून ठेवली, म्हणजे बेरीज करताना मी ती आपली आपण काढून टाकायची. खोड गेली नाही, पण खोडीचा त्रास गेला. माणसांना असे कोणी भेटत असेल तर ती माणसे नशीबवान म्हणायची.

इतर ठिकाणी हे काम एकदा केले की डबा पुढे पाठवत. ताई तेच पुन्हा पुन्हा करत.

"ताई, पुरे की आता," टकलू एकदा वैतागून म्हणाला. "फेकायचीच वस्तू आहे. एवढे लाड तर माझ्या पोराचेही झाले नाहीत."

"फेकायची आहे म्हणूनच," ताई म्हणाल्या. "एकदा सुटली की हाक मारून परत बोलावता येत नाही. ठेव परत थंडीच्या पेटीत."

त्यांच्या या हट्टामागे एक कारण होते. ताईंची धाकटी बहीण नदीपलीकडे दिली होती. दिली तेव्हा पलीकडे म्हणजे परका मुलूख असे कोणाच्या मनातही नव्हते. पुढे दोन्ही काठांचे बिनसले. आधी बोलणे बिनसले, मग व्यापार बिनसला, मग पूल ओलांडायची बंदी आली. धाकटीचे घर पुलाच्या पलीकडच्या टोकाशी होते, उतरल्या उतरल्या डाव्या हाताच्या गल्लीत. आणि भांडण पेटलेच तर सगळ्यात आधी पूल पाडणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होते.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत धाकटीचा फोन आला. खोलीत ताई होत्या, डबा उघडून बसलेला टकलू होता आणि टेबलावर मी होतो. ताईंना फोन कानापासून लांब धरायची सवय होती, त्यामुळे पलीकडचे बोलणेही आम्हाला ऐकू येत होते.

"ताई, हे म्हणतात, थोडे दिवस ह्यांच्या मामांकडे जाऊन राहू. गल्लीतली निम्मी माणसं गेलीसुद्धा. काय करू गं?"

"मामांकडे? त्या दोन खोल्यांत? तिथं तर तुला जमिनीवर झोपावं लागेल. आणि तुझी कंबर ती तसली."

"मग राहू इथेच? पूल अगदी नाकासमोर आहे गं."

 ताईंनी आवाज खाली आणला. "हे बघ, मी बोलले म्हणून कुणाला सांगू नकोस. पूल गेला तर जाईल. पण आमची वस्तू माझ्या हाताखालून जाते. पूल पडला तरी तुझ्या दोरीवरचे कपडे हलायचे नाहीत, इतकी नेमकी आहे. पुलाकडे फिरकू नका. घरातच थांब."

"नक्की ना?"

"मी कधी खोटं सांगितलंय का तुला?"

"लहानपणी सांगायचीस की. मला कचराकुंडीतून उचलून आणलंय म्हणायचीस."

दोघी हसल्या. टकलूही हसला. त्यानंतर थोड्याच दिवसांत पलीकडचे सगळे फोन बंद झाले.

धाकटी आता आमच्या भरवशावर घरात थांबली होती. ताईंनी तो विषय पुन्हा काढला नाही, पण त्या दिवसापासून त्यांचा हात कामावरून उठेना. मला आणि माझ्यासोबत तयार झालेल्या माझ्या जुळ्या भावाला त्यांनी इतके पारखले की आम्ही दोघे कंटाळून गेलो. मला मात्र मनातून बरे वाटत असे. माझ्या नेमकेपणामुळे कोणाचा तरी जीव वाचणार, असे मी समजत होतो. त्या काळात मी फार सुखी होतो.

मग सराव झाला. आमच्यातल्या काही डब्यांना नेऊन एका ओसाड मैदानावर, चुन्याने आखलेल्या वर्तुळावर टाकले. सगळे बरोबर मधोमध पडले. चुना उडाला, बाकी काही उडाले नाही. साहेबांनी ताईंचे सर्वांसमोर कौतुक केले. टकलूने टेबलावर थाप मारली आणि मग स्वतःच जीभ चावली, कारण टेबलावर मी होतो. इतके कौतुक मी पुन्हा कधी ऐकले नाही.

त्या सरावातच सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली गेली होती. ही गोष्ट मला फार नंतर कळली, पण तुम्हाला ती आत्ताच सांगतो, म्हणजे पुढचे समजेल. आम्हाला जागा सांगतात ती तीन आकड्यांत. पूर्व-पश्चिम किती, उत्तर-दक्षिण किती, आणि उंची किती. पहिल्या दोघांचे कौतुक सगळ्यांना असते. उंचीकडे मात्र कोणी ढुंकून बघत नाही, आणि गोम तिथेच आहे. नकाशावरची उंची समुद्राच्या पाण्यापासून मोजलेली असते. कानवाला आणि मी मात्र एका कल्पनेतल्या, अगदी गुळगुळीत पृथ्वीपासून उंची मोजतो. ही गुळगुळीत पृथ्वी आणि खरा समुद्र काही ठिकाणी एकमेकांना चिकटून असतात, तर काही ठिकाणी त्यांच्यात एखाद्या उंच इमारतीएवढा फरक पडतो. आमच्या नदीपाशी तो तेवढा पडत होता. म्हणून नकाशावरची उंची आम्हाला देण्याआधी ती बदलून घ्यावी लागते.

सरावाच्या मैदानावर हे कधी उघडकीलाच आले नाही. तिथल्या वर्तुळाची उंची कानवाल्याच्याच जातीच्या यंत्राने मोजलेली होती, म्हणजे ती आधीच आमच्या भाषेतली होती. नकाशाच्या खोलीतला माणूस ती जशीच्या तशी घालायचा आणि डबे वर्तुळाच्या मध्यावर पडायचे. नदीपलीकडे जाऊन मात्र कोण मोजणार? पुलाची उंची त्याने जुन्या नकाशावरून घेतली आणि सवयीप्रमाणे जशीच्या तशी घातली. पूल जिथे होता त्याच्या कितीतरी वर, रिकाम्या हवेत, आम्हाला जागा दिली गेली. आम्ही तिरपे येतो. हवेतल्या त्या जागेवरून नेमके गेलो तरी खाली जमिनीला टेकेपर्यंत पूल मागे राहणार आणि पलीकडची गल्ली येणार, हे तुम्ही कागदावर एक तिरपी रेघ ओढून बघितलेत तरी कळेल.

भांडण पेटले. मला आणि माझ्या जुळ्याला एकाच विमानाला टांगले. विमानाने त्याचा वेग आणि त्याची जागा आम्हाला सांगितली, तीन आकडे सांगितले आणि सकाळच्या उन्हात आम्हाला सोडले. जुळा पुढे, मी मागे.

खोटे कशाला बोलू, मला आनंद झाला होता. आयुष्यभर टेबलावर गरगर फिरलेला मी, पहिल्यांदाच खरा कुठेतरी निघालो होतो. नदीवर पोचताच पलीकडच्यांनी कलकलाट सुरू केला आणि कानवाला बहिरा झाला. "सांभाळून घे रे," तो म्हणाला. मी घेतले. वारा मला ढकलत होता, मी शेपटीच्या पंखांना सांगून सावरत होतो. माझी खोड मी आठवणीने वजा केली. सांगितलेल्या जागेवरून मी वीतभरही न हलता गेलो. ताईंनी ते पाहिले असते तर त्यांना माझा अभिमान वाटला असता.

मग पुढे जुळ्याचा स्फोट झाला आणि लगेच मी मातीत घुसलो. माझ्या धोंड्याचा स्फोट झाला नाही. त्याची पेटवणारी कळ अडकली असावी. जुळा आणि मी एकाच टेबलावर शहाणे झालेलो, एकाच जागेसाठी निघालेलो, त्यामुळे पडलोही अगदी शेजारी शेजारी. तो एका घरावर पडला आणि मी त्याच घराच्या मागच्या अंगणात. नेमकेपणाचा हा गुण मला तोवर माहीत नव्हता. नेमकी वस्तू चुकीच्या जागी जाते तेव्हा तीही नेमकीच जाते, आणि तिच्या मागून येणारीही तिथेच येते.

बॅटरी संपली की माझे मोजणे थांबते, पण ऐकणे थांबत नाही. मी मातीत पडून होतो. पुलावरून माणसे धावत होती, म्हणजे पूल उभा होता. वर कोणीतरी हातांनी विटा उचलून बाजूला टाकत होते. बराच वेळ टाकत होते. मग ते थांबले.

दुसऱ्या दिवशी बॉम्ब निकामी करणारा एक जवान आला. त्याने मला हलक्या हाताने मोकळे केले, धोंड्याची कळ काढली आणि शेपूट वेगळी केली. त्या घराचा मालक जवळच बसून होता. लांब जा असे सांगूनही तो उठला नव्हता.

"नशीब समजा," जवान त्याला म्हणाला. "हा फुटला असता तर ही भिंतसुद्धा राहिली नसती."

"भिंत घेऊन काय करू?" तो म्हणाला.

जवानाने कळ फडक्यात गुंडाळली. मग त्याने विचारले, "तुम्ही कुठे होता?"

"दुकानात. मी रोज म्हणत होतो, निघू या. ही हलायलाच तयार नव्हती. हिची थोरली बहीण पलीकडे ह्याच कामात आहे. तिनं हिला सांगितलं होतं की दोरीवरचे कपडेसुद्धा हलणार नाहीत. मी पुन्हा निघायचं म्हटलं की ही हसायची. म्हणायची, तुमचा माझ्या ताईवर विश्वास नाही."

तेव्हा मला कळले की मी कोणाच्या अंगणात आहे. मित्रांनो, मला रडता येत नाही. येत असते तर त्या मातीत मी रडलो असतो.

काही महिन्यांनी दोन्ही काठ दमले आणि तह झाला. पलीकडचे म्हणाले, तुम्ही मुद्दाम घरांवर बॉम्ब टाकले. इकडचे म्हणाले, यंत्र भरकटले. मग असे ठरले की उरलेला डबा सगळ्यांच्या समोर तपासायचा. तोच जवान मला स्पंजात गुंडाळून कारखान्यात घेऊन आला, आणि माझ्यावरचा क्रमांक हाताने चाचपून ताई म्हणाल्या, "हा माझाच."

फोन अजून बंदच होते. दोन बॉम्ब पुलाच्या पलीकडे पडले एवढेच ताईंच्या कानावर आले होते. पलीकडे म्हणजे कुठे, हे विचारायची त्यांची छाती होत नव्हती. साहेब सकाळपासून अस्वस्थ फेऱ्या घालत होते. डबा बरोबर निघाला तर कारखाना आरोपातून सुटणार होता, म्हणून मी बरोबर निघावे अशी त्यांची इच्छा होती. ताईंची इच्छा नेमकी उलटी होती. मी चुकलेलो असेन तर माझा जुळाही चुकला असेल. भरकटलेला बॉम्ब नदीत पडतो, शेतात पडतो, कुठेही पडतो. मी बरोबर असेन, तर मग आम्ही पुलाच्या आसपासच पडलो असणार, आणि तिथून धाकटीचे घर फार जवळ होते.

टेबलावरची पहिली मोजणी झाली आणि मला थंडीच्या पेटीत ठेवले. तिथे वाट बघावी लागते. साहेब बाहेर गेले होते. खोलीत ताई, टकलू आणि जवान एवढेच होते. सकाळपासून त्या परक्या कारखान्यात जवानाशी कोणी दोन शब्द बोलले नव्हते.

"दादा," शेवटी ताई म्हणाल्या, "हा तुम्हीच काढलात ना?"

"हो बाई."

"कुठून?"

"पूल उतरल्यावर डावीकडे गल्ली आहे, तिथून."

"चहा सांगू का सगळ्यांना?" टकलू मध्येच म्हणाला.

"गल्लीत कुठून?"

"एका घराच्या मागच्या अंगणातून. दुसरा त्या घरावरच पडला होता."

"घरात कुणी होतं?"

"एक बाई होत्या," जवान म्हणाला. बोलायला कोणीतरी मिळाले म्हणून तो बोलत गेला. "सगळी गल्ली रिकामी झाली, पण त्या हलल्या नाहीत. त्यांच्या मिस्टरांनी किती सांगितलं म्हणे. पण त्यांची बहीण इकडे ह्याच कामात आहे, तिनं सांगितलं होतं की..."

तो थांबला. ताईंच्या तोंडाकडे बघून थांबला, की टकलूने त्याला खूण केली म्हणून, ते मला दिसले नाही.

"तुम्हीच का, बाई?" त्याने अगदी हळू विचारले.

 पेटीचा भोंगा वाजला.

"वेळ झाली, टकलू," ताई म्हणाल्या. "काढ त्याला बाहेर."

"ताई, आज राहू दे. मी साहेबांना सांगतो."

"काढ म्हटलं ना."

त्यांनी मला टेबलावर बसवले आणि स्वतः स्क्रू आवळले. त्यांचा हात थरथरत होता. थरथर मोजणे हेच माझे काम, त्यामुळे ती किती होती हे मला चांगलेच माहीत आहे. ते मी कोणाला सांगणार नाही. टेबल फिरू लागले आणि मी ठरवले की आता चुकायचे. डावीकडे वळलो तर उजवीकडे सांगायचे. पृथ्वीचे फिरणे विसरून जायचे. तेवढे एक काम मला ताईंसाठी करायचे होते. पण मला चुकता येईना. त्यांनीच मला तसे घडवले होते. एकामागून एक आकडे बरोबर येत गेले आणि ताई ते मोठ्याने वाचत गेल्या.

"डबा बरोबर आहे," शेवटी त्या म्हणाल्या.

दाराशी आलेल्या साहेबांनी मोठा सुस्कारा सोडला. "वा! सुटलो आपण," ते म्हणाले. मग त्यांनी खोलीतल्या माणसांकडे पाहिले असावे, कारण ते तसेच माघारी निघून गेले.

पुढची चौकशी नकाशाच्या खोलीत झाली आणि उंचीचे कोडे सुटले. "सरावात घालत होतो तशीच घातली," तिथला माणूस म्हणाला. त्याला वाटले होते की उंची पुढे कोणीतरी बदलून घेते. पुढच्यांना वाटले होते की ती आधीच बदललेली आहे. ताईंना वाटले होते की एवढी साधी गोष्ट सगळ्यांना माहीतच असणार. कोणी कोणाला विचारले नव्हते. नकाशावाल्याला दुसऱ्या खात्यात पाठवले, सूचनांमध्ये एक ओळ वाढवली आणि प्रकरण मिटले. पुढच्या वर्षी भांडण पुन्हा पेटले तेव्हा पूल पहिल्याच फटक्यात पडला. साहेबांनी पुन्हा एकदा सगळ्यांचे कौतुक केले. त्या दिवशी ताई कामावर आल्या नव्हत्या.

पण मधल्या त्या वर्षभरात काय चालले होते ते फक्त टकलूला आणि मला ठाऊक आहे. दिवसाचे काम संपले की ताई मला कपाटातून काढत आणि पुन्हा टेबलावर बसवत. पुन्हा थंडी, पुन्हा गरमी, पुन्हा उलटा, पुन्हा आडवा. टकलू घरी न जाता टेबल फिरवत उभा राहायचा. आता त्याला शिंका येत नसत आणि थट्टाही सुचत नसे.

"ताई, किती दिवस हे करणार?" एकदा त्याने विचारले.

"कुठंतरी असेल चूक. बारीक असेल. सापडेल."

"आणि सापडून काय होणार?"

"मग मला म्हणता येईल की डबा चुकला," ताई म्हणाल्या. "एवढंच म्हणता आलं पाहिजे, टकलू. मी तिला सांगितलं ते खरं होतं, डबा चुकला."

टकलूने पुन्हा कधी विचारले नाही. मी रोज मनापासून प्रयत्न केला. मित्रांनो, एक बारीकशी चूक द्यायची होती हो त्यांना, केसाएवढी चालली असती. मी ती देऊ शकलो नाही. शेवटी साहेबांच्या हे लक्षात आले आणि एका सकाळी ताई यायच्या आत त्यांनी मला खोक्यात घालून या शाळेत पाठवून दिले. ताईंचे पुढे काय झाले, मला माहीत नाही. कपाटातल्या वस्तूंना कोणी बातम्या सांगत नाही.

आता इथे दर आठवड्याला शिपाई काच पुसतो आणि मऊ फडक्याने मलाही पुसतो. वस्तू आपली कहाणी सांगते ती शेवटी तुमच्याकडे काळजी मागण्यासाठी, अशी पद्धत आहे. आम्हाला नीट वापरा, आम्हाला जपा, असे सगळ्याच सांगतात. मला ते मागायचे नाही. मला जपू नका. मला पुसूही नका, धूळ साठू दे. सरांनी 'हा कधीच चुकला नाही' म्हटले तर टाळ्या तेवढ्या वाजवू नका, इतकी मेहरबानी करा.

काळजी घ्यायचीच असेल तर माणसाची घ्या. उद्या तुम्ही मोठे व्हाल, आपापल्या कामात पटाईत व्हाल, आणि कोणीतरी आपले माणूस तुम्हाला विचारेल, "निघू, की थांबू?" तुमचे काम बिनचूक आहे हे तुम्हाला माहीत असेल. तरी त्याला थांब म्हणू नका. त्याला सांगा, जमिनीवर झोपावे लागले तरी चालेल, कंबर दुखली तरी चालेल, पण तू आजच निघ.